वाशाचा मान

दरवर्षी सुती पातळ यायचं, यंदा पैठणी आली. रतनच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

येरवड्यात तीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेली बाई ती. डबा ठेवणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता तिला डब्यावरून घर कळायचं. ज्वारीवाल्याकडून एकाएकी गहू आला की पाहुणे उतरलेत. गव्हाचा डबा दर खेपेला दोन बोटं खाली गेला की कुणाची तरी नोकरी गेली आहे आणि अजून गल्लीत सांगितलेलं नाही. आणि तिचा थोरला भाऊ मच्छिंद्र, ज्याने सख्ख्या बहिणीला आजवर कधी हातमागाच्या साडीपुढे काही दिलं नव्हतं, तो धाकट्या भावाच्या विधवेला, प्रेमलाला, घरपोच पैठणी पाठवतो, म्हणजे त्याला काहीतरी दळून हवंय. तेही बारीक.

"घेऊ का हो वन्सं?" प्रेमलाने फोनवर विचारलं होतं. "पृथ्वीराज स्वतः गाडी घेऊन आलेला. म्हणाला, काकू, यंदा हीच नेसून या, फोटो मोठा लागणार हाय."

"घे. नेसू मात्र नको."

म्हणून रविवारी सकाळी तिघी गाडीतळापासून चालत निघाल्या तेव्हा प्रेमलाच्या अंगावर कंपनीच्या कँटीनमध्ये नेसायचं निळं पातळ होतं आणि पैठणी घडीसकट कापडी पिशवीत. मधोमध तिची मुलगी ऋतुजा, खांद्याला लॅपटॉपची सॅक आणि हातात प्लास्टिकची फाईल. फायलीत दोन गोष्टी होत्या. माहितीच्या अधिकारात निघालेले कागद, आणि रतनच्या सहीवाचून तीन आठवडे पडून असलेलं एक प्रतिज्ञापत्र.

"आत्या, वकील म्हणाले, उद्या लास्ट," ऋतुजा म्हणाली. "चतुर्थीला मूर्ती बसली ना, की मनाईहुकूम विसरा. देवाला उठ म्हणायला कोण जाणार?"

"कळतंय मला."

"मग सही?"

"आधी मी दादाशी बोलते."

"तीन आठवडे तू हेच बोलतेयस."

"तीन आठवडे मी तुझ्याशी बोलतेय. त्याच्याशी आज बोलणार."

ऋतुजाने वर बघत एक श्वास सोडला. पोरीचं चुकत नव्हतं, म्हणून रतनला तिचा जास्त राग आला.

अण्णांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, मृत्युपत्र झालं तेव्हा रतन त्या खोलीत होती. दोन साक्षीदारांपैकी एक ती, दुसरे डॉक्टर श्रीनिवास. ते अण्णांच्या पाठोपाठ गेले, त्यामुळे ते शपथेवर सांगायला आता एकटी तीच उरली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेऊन चालत नाही, असं तेव्हा वकिलाने बजावलं होतं. ती म्हणाली होती, मला काही नकोच, मला माहेर आहे. बाकी अण्णांनी लिहवून घेतलं ते पाण्यासारखं स्वच्छ होतं. धाकटा रामदास बापाच्या आधी गेला, म्हणून रस्त्याकडेचे चार गुंठे त्याची बायको प्रेमला हिला. उरलेलं सगळं मच्छिंद्रला. मृत्युपत्राचा व्यवस्थापकही मच्छिंद्रच. त्याने वर्षाच्या आत चार गुंठ्यांची मोजणी करून घ्यायची, सातबारावर प्रेमलाचं नाव लावायचं, कुंपण घालायचं आणि ताबा द्यायचा.

त्या एका वर्षाची आठ वर्षं झाली होती. स्वतःच्या वाट्याची नोंद मच्छिंद्रने अण्णांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत उरकली. प्रेमलाच्या जागेवर मात्र मोजणीवाल्याच्या आधी गणपती आला. पहिल्या वर्षी दहा दिवसांचा मंडप. दुसऱ्या वर्षी मंडपाचे पत्रे काढायचे राहिले. तिसऱ्या वर्षी पत्र्यांखाली व्यायामशाळा निघाली, चौथ्या वर्षी मंडळाच्या नावाने विजेचा मीटर बसला. मंडळाचा अध्यक्ष मच्छिंद्र, कार्याध्यक्ष त्याचा मुलगा पृथ्वीराज. प्रेमला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची आणि विचारलं की म्हणायची, भावजी बघतायत ना.

आणि दरवर्षी आषाढात वासापूजनाचा मान तिचा असायचा. मंडपाचा पहिला वासा रोवायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. पहिल्या वर्षी ती मागे सरली होती. "मी अशी. मी कसा नारळ फोडू?" तेव्हा तिचा हात धरून तिला पुढे कुणी नेलं? रतनने. "मान मिळतोय तर घे गं," हे शब्दही रतनचेच. एका पेपरात चार ओळी छापून आल्या, विधवेच्या हस्ते पूजन वगैरे. ते कात्रण आणि सात वर्षांचे सात फोटो प्रेमलाने खोलीत ओळीने लावले होते, लग्नाच्या फोटोच्या वर.

तेच सात फोटो आता ऋतुजाच्या फायलीत होते. पक्क्या मंदिराच्या परवानगीच्या अर्जाला मंडळाने जोडलेले. प्रत्येकाखाली टाइप केलेलं होतं, 'जागामालक यांच्या संमतीने व शुभहस्ते'. वर ना-हरकत पत्र. सही, मच्छिंद्र शंभू बोरगे, मृत्युपत्राचे व्यवस्थापक.

चौकात फ्लेक्स दिसला आणि तिघी थांबल्या. मच्छिंद्र गणपतीपेक्षा दोन वीत उंच होता. 'भव्य वासापूजन व कायमस्वरूपी मंदिराची पायाभरणी.' आणि खाली, गोल चौकटीत, गेल्या वर्षीच्या फोटोतून कापून काढलेला प्रेमलाचा चेहरा. 'भूमिदात्या श्रीमती प्रेमलाताई रामदास बोरगे.'

प्रेमला ओठ हलवत वाचत होती. दोनदा वाचलं.

"आई, अभिनंदन," ऋतुजा म्हणाली. "तू जागा दान केलीस."

"कधी?"

"ते फ्लेक्सवाल्याला माहीत."

प्रेमलाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रतनला वाटलं, पैठणी एवढी जड नसते.

*

मच्छिंद्रच्या तीन मजली घरात पोह्यांचा वास सुटला होता. तो स्टार्चचा कुर्ता घालून सोफ्यावर बसला होता, कानाला फोन. "होय साहेब, आपण आलात तर कार्यक्रमाला शोभा आहे." फोन ठेवला आणि ओरडला, "यमे, चा आन, रतन आलीया." माईक किंवा साहेब समोर असला की 'आहे', घरात 'हाय'. या दोहोंच्या मधल्या जागेत त्याचं सगळं राजकारण मावायचं.

यमुना वहिनी बशा घेऊन बाहेर आल्या. त्यांची नजर प्रेमलाच्या निळ्या पातळावर थांबली. "अगं, पैठणी?"

"पिशवीत हाय," प्रेमला म्हणाली आणि डोईवर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, थोरल्या दिराशी ती समोरासमोर बोलली नव्हती. जे सांगायचं ते यमुनेला किंवा रतनला सांगायची, मच्छिंद्र तीन हातांवर बसलेला असला तरी.

रतनने बशी खाली ठेवली. "दादा, प्रेमलाने जागा दान केली म्हणे. मला कळवलं नाहीस. पेढे तरी वाटले असते."

"अगं ते पोरांनी उत्साहात टाकलं."

"उत्साहात माणसाकडून चुका होतात. इथे बाईचा फोटोसुद्धा बरोबर कातरलाय."

"हां, आता टोमणे मार. सकाळी सकाळी शुभ काम हाय, त्यात तू टोमणे मार."

ऋतुजाने फाईल उघडली. "काका, ही ना-हरकत. तुमची सही आहे."

"मग? व्यवस्थापक हाय मी. सही दुसऱ्या कुणाची असणार?"

"अण्णांनी तुला व्यवस्थापक नेमला तो हिचं हिला द्यायला," रतन म्हणाली. "गावाला वाटायला नाही."

मच्छिंद्रचा चेहरा बदलला. तो उठून उभा राहिला, आणि रतनला दिसलं की तो खरंच दुखावला होता. हेच त्याचं वाईट होतं. चोर असता तर सोपं गेलं असतं.

"एक रुपया खाल्ला का मी? सांग! मंडळाची वर्गणी असो, मीटरचं बिल असो, ह्या घरात एक पै आली का? विचार हिला!" त्याने यमुनेकडे बोट केलं. "शेजारचा प्लॉट बघितला का? मोकळा ठेवला त्येनं. एका रात्रीत दुसऱ्यानं पत्रे मारले आणि पाटी लावली. नऊ वर्षं कोर्टात चपला झिजवतोय. बाईमाणसाची जागा, रस्त्याला लागून, चार गुंठे. कोण सोडणार होतं? मी देव आणून बसवला म्हणून कुणाची हिंमत झाली नाय. वाचवली मी जागा! वाचवली!"

हे वाक्य रतनच्या ओळखीचं होतं. हेच आठ वर्षं ती स्वतःला ऐकवत आली होती. त्यात खोटं फार थोडं होतं.

"बरं," ती म्हणाली. "वाचवलीस. आता हिला दे."

मच्छिंद्र बसला. पोह्यांवरचं खोबरं बोटाने बाजूला केलं. "देतोच की. मंदिराला लागून दोन गाळे निघतायत. त्यातला एक प्रेमलाचा. हार, नारळ, उदबत्त्या. बसल्याजागी पोट निघंल तिचं. आणि लेखी देतो, हवं तर आत्ता."

"भाडं?" ऋतुजाने विचारलं.

"नाममात्र. मंडळाच्या नियमात बसायला हवं म्हणून."

"म्हणजे माझ्या आईने स्वतःच्या जागेत भाडं भरून नारळ विकायचे. वा, काका. आणि गिऱ्हाईक नसलं की समोरच्या फ्लेक्सवर स्वतःला बघत बसायचं."

"अहो, भाडं कशाला तिच्याकडून?" हे यमुना वहिनींचं होतं. बोलून गेल्यावर त्यांनाच नवल वाटलेलं दिसलं.

"तू आत हो."

त्या आत गेल्या नाहीत. ट्रे छातीशी धरून तिथेच उभ्या राहिल्या.

एवढ्यात पृथ्वीराज जिना उतरला, दोन हातांत दोन फोन. "पप्पा, अकराचा मुहूर्त आहे, ढोलवाले आलेत. काकू, अजून नेसला नाहीत?" मग फाईल दिसली. "ओह. हे चाललंय का? आत्या, ऋतू, तुम्ही उगाच स्ट्रेस घेताय. काकूंचा कन्सेंट आहेच ना ऑलरेडी. सात वर्षांचे फोटो आहेत. पहिल्याच वर्षी मी पप्पांना म्हटलेलं, पूजा ओनरच्या हातूनच करून घेऊ, लीगली स्ट्रॉन्ग राहतं."

शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलासारखं त्याने चौफेर बघितलं. कुणीच टाळी दिली नाही.

"पहिल्याच वर्षी?"

आवाज दारातून आला होता. प्रेमलाच्या डोईवरचा पदर खांद्यावर आला होता आणि तिने तो सावरला नाही.

"काकू, म्हणजे तसं नाय..."

"पहिल्या वर्षी तू घरी आलास. म्हणालास, काकू, आपल्या मंडळात विधवाबिधवा काही नसतं, पहिला मान तुमचा. मी त्या दिवशी घरी जाऊन रडले रे. चांगलं वाटलं म्हणून. तुझ्या काकाच्या फोटोला सांगितलं, बघा म्हटलं, तुमची माणसं कशी हायेत."

"ते पण मनापासूनच होतं काकू! शप्पथ. दोन्ही होतं."

"दोन्ही कसं असंल?" प्रेमला म्हणाली. रागाने नाही, हिशोब चुकलेल्या दुकानदाराला विचारावं तसं. त्याने पृथ्वीराज जास्त लाल झाला.

प्रेमलाला पुढे नेताना धरलेल्या त्या हाताचा घाम रतनला आत्ता, सात वर्षांनी, स्वतःच्या तळव्यात लागला. मान मिळतोय तर घे गं. इतरांच्या डब्यात काय आहे ते ओळखणारी शहाणी, आणि घरच्या डब्यातलं कीड लागलेलं धान्य हिने स्वतःच्या हाताने दळून दिलं.

"दादा," ती म्हणाली, "पायाभरणी थांबव. मंडप घाल यंदाचा, दहा दिवस, मी स्वतः आरतीला येईन. पण त्यानंतर पत्रे काढ आणि ताबा दे. मी वकिलाला सांगते, काही करू नका."

"साहेब येतायत. हजार माणसाला सांगितलंय. आता थांबवू? तोंड कुठं दाखवू?"

"प्रेमलाने तोंड फ्लेक्सवर दाखवलंच की. तू पण दाखव."

मच्छिंद्रने तिच्याकडे थेट बघितलं. "त्या फायलीत तुझा कागद हाय ना, रतन?"

"आहे."

"सही?"

"नाही अजून."

"मग ऐक. सही केलीस, की ह्या घराला बहीण नाय. दिवाळी नाय, भाऊबीज नाय, पृथ्वीच्या लग्नाची पत्रिका नाय. मी मेलो तरी यायचं नाय. दारातनं परत लावायला सांगून जाईन."

रतनने मनातल्या मनात माहेर मांडून बघितलं. नवरा गेला, गिरणी विकली, मुलगा अबुधाबीला. वर्षातले तीन दिवस ती या घरात यायची आणि तीन दिवस कुणी तिला विचारायचं, चहा घेतलास का. उशिरा उठली तरी चालायचं. पहिल्या पंगतीला पाट असायचा. बस्स, एवढंच. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कुठे हे नव्याने मिळणार होतं?

तिने फायलीकडे बघितलं नाही आणि ऋतुजाकडेही बघितलं नाही.

"चला, अकरा होतायत," पृथ्वीराज पुटपुटला.

सगळे चपला शोधू लागले. ऋतुजा आत्याच्या शेजारून जाताना थांबली. "नीट विचार कर हां, आत्या," ती म्हणाली. "घाई नाही. पोहे छान होते."

*

जागेवर पाय ठेवायला फट नव्हती. मागे पत्र्याची व्यायामशाळा, तिच्यापुढच्या मोकळ्या तुकड्यावर सतरंज्या, ढोलपथक, गुरुजी आणि खुर्च्यांवर आधीच घामाघूम झालेले पाहुणे. मधोमध गुडघाभर खड्डा. खड्ड्याशेजारी हळदीने माखलेला वासा आडवा, आणि वाशाशेजारी मांडववाला उत्तरेश्वर पहार घेऊन उकिडवा बसलेला. बार्शीकडून आलेला हा माणूस. मंडळाचा प्रत्येक वासा त्याने रोवला होता आणि मजुरीपलीकडे कुणाच्या भानगडीत कधी पडला नव्हता.

"आता मी विनंती करतो," माईकवर पृथ्वीराज, "आपल्या सर्वांच्या लाडक्या, भूमिदात्या प्रेमलाकाकूंना..."

ढोल वाजला. प्रेमला पुढे गेली. गुरुजींनी तिच्या हातात ताट दिलं. फोटोग्राफर एका गुडघ्यावर बसला. रतन दुसऱ्या रांगेत उभी होती आणि तिला वाटलं, करील ही. सात वर्षं केलंय, आठव्यांदाही करील, बायका करतात. मीही तेच करतेय, इथे उभी राहून.

प्रेमलाने ताट खाली ठेवलं. कापडी पिशवी पृथ्वीराजच्या हातात दिली. "फोटोला ही घे," ती म्हणाली. मग पातळ जरासं वर धरून ती खड्ड्यात उतरली.

ढोल दोन ठोके उगाच पुढे गेला आणि बंद पडला.

खड्डा अरुंद होता; तिला पावलाला पाऊल लावून उभं राहावं लागलं. गुडघ्यापर्यंत माती, वर निळं पातळ. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिने ते घट्ट पोटाशी बांधले.

"काकू, काय करताय?"

"उभी राहिलेय. माझी जागा हाय ना? तुझ्याच बोर्डावर लिहिलंय."

मच्छिंद्र खुर्चीवरून उठून आला. साहेब अजून यायचे होते, पण लोक होते, म्हणून आवाज माईकचा. "प्रेमलाताई, आपण कृपया बाहेर यावं. भाविक थांबले आहेत. हे देवाचं कार्य आहे."

प्रेमलाने मान वर केली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा थोरल्या दिराच्या डोळ्यांत बघून बोलली.

"आठ वर्षं मी बाहेरच हाय, भावजी."

मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. चारसहा फोन वर आले. मंडळाची पोरं एकमेकांकडे बघत होती. बाईला हात कोण लावणार? पृथ्वीराजने इकडेतिकडे बघितलं. "आई! आई, काकूंना वर घे जरा."

यमुना वहिनी पुढे आल्या. खड्ड्याच्या कडेला वाकल्या, प्रेमलाचा दंड धरला. मग दंड न सोडता कडेच्या मातीत फतकल मारून बसल्या, चांगल्या साडीसकट.

"माझ्याच्यानं नाय उचलत," त्या म्हणाल्या. "कंबर धरलीया."

"यमे!" मच्छिंद्रचं 'आहे' गळून पडलं. "ऊठ! ऊठ तिथनं! समद्या गावाफुडं इज्जत घालवायला निघाल्या का तुम्ही बायका? आठ वर्षं राखली मी ही जागा, आठ वर्षं, आणि हे पांग फेडता? तुमच्या बापाची—"

"त्यांच्या सासऱ्याची," ऋतुजा म्हणाली. "डॉक्युमेंट आहे माझ्याकडे."

"तू गप बस, चार बुकं शिकलेली!"

गुरुजी घड्याळ बघत होते. "अध्यक्ष, अकरा वाजून सतरापर्यंतच मुहूर्त आहे. वासा उभा तर राहायला हवा. कुठेही चालेल, शुद्ध जागा हवी."

उत्तरेश्वरने पहार उचलली. त्याला यातलं काही नको होतं. त्याला दुपारी दुसरीकडे मांडव घालायचा होता. त्याने दोन पोरांना खूण करून वाशाचं एक टोक उचललंसुद्धा, आणि सरळ मनाने विचारलं, "मग शेठ, तुमच्या अंगणात रोवू का? गाडी लावता तिथं? हितनं दोन मिंटांवर हाय. देवालाबी मोठं वाटंल."

"अंगणात?" मच्छिंद्र त्याच्यावर खेकसला. "डोकं फिरलं का तुझं? माझ्या दारात? तिथं एकदा वासा उभा राहिला तर मग जन्मात पुन्हा..."

तो थांबला.

उत्तरेश्वर वासा खांद्यावर घेऊन वाट बघत राहिला. "पुन्हा काय, शेठ?"

शेवटच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं, आणि मग ते हसू पुढे पुढे येत गेलं. खुर्चीवरच्या एका पाहुण्याने उगाच चष्मा काढून पुसला. प्रेमला खड्ड्यात उभी होती, यमुनेच्या हातात दंड देऊन, आणि मच्छिंद्रकडेच बघत होती. हसत नव्हती.

रतनही हसली नाही. तिच्या मनातल्या तराजूचा काटा इतके दिवस हलत होता. वाचवली म्हणतो, त्यात खरं किती आणि खोटं किती. आता तो थांबला. दादाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वासा जागेचं काय करतो ते त्याच्याइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच तो स्वतःच्या दारात नको होता, आणि विधवेच्या जागेत हवा होता, आणि तिच्याच हातून हवा होता. बिचारा, भोळा, देवभक्त, माझा दादा.

"ऋतुजा," ती म्हणाली. "आण तो कागद."

ऋतुजाने फाईल इतक्या घाईने उघडली की दोन फोटो मातीत पडले. ढोल कमरेला बांधलेली पथकातली एक मुलगी शेजारीच उभी होती. रतनने तिला विचारलं, "बाळ, जरा स्थिर उभी राहशील?" आणि प्रतिज्ञापत्र तिच्या ढोलावर पसरलं.

"रतन," मच्छिंद्र गर्दीतून वाट काढत येत होता. "रतन, थांब. माझं ऐक. ऐक आधी!"

तिने पानापानावर सही केली. शेवटच्या पानावर नाव पुरं लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, खाली तारीख घातली. तो येऊन पोहोचला तोवर तिने पेनाला टोपण लावलं होतं.

"बोल, दादा," ती म्हणाली. "पण जपून बोल. आता जे ऐकेन ते मला कोर्टात सांगावं लागेल."